आभारांखाली गेलेली चौकट

पान पहिलं

"ही सत्यघटना आहे" हे वाक्य मी स्वतःच्या हातानं निदान दोनशे वेळा लिहिलंय. जाड अक्षरात. खाली दुहेरी रेघ.

प्रत्येक वेळी ते खोटं होतं. तो माझ्या कामाचा भाग होता.

आज तेच खरोखर लिहायचं आहे, तर हात अडखळतोय. म्हणून रेघ मारत नाही. नुसतं सांगते.

हे घडलंय. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत. माझ्या डोळ्यांदेखत...

म्हणजे, डोळ्यांदेखत म्हणता येईल का, तेच मला अजून कळलेलं नाही.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचा एक बुधवार, दुपारचे सव्वाचार. खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं, आणि खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारून मारून घायकुतीला आला होता.

घर पहिल्या मजल्यावर. जिना संपला की दार. दारातून आत आलं की बाहेरची खोली. तिथंच खिडकीशी दादाचं तिरकं टेबल आणि त्याला लागून माझं सपाट टेबल. मागे स्वयंपाकघर. बाजूला दादा-वहिनीची खोली. संपलं घर.

दादा चित्रं काढायचा. मी त्या चित्रांतल्या माणसांच्या तोंडाशी फुगे काढून त्यात अक्षरं भरायचे. कोण काय बोललं, ते. फुग्याला एक शेपटी असते. शेपटी ज्याच्या तोंडाकडे, वाक्य त्याचं. बोलणारा चौकटीत दिसत नसेल, तर शेपटी चौकटीच्या कडेला नेऊन सोडायची. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, आवाज बाहेरून आला.

हे लक्षात ठेवा. मला पुढे लागणार आहे.

दादा मला टिंबू म्हणायचा. भीतीची गोष्ट म्हटलं की टिंबं फार. काही दिसायच्या आधी तीन टिंबं, दार वाजायच्या आधी तीन टिंबं. दिवसभर मी टिंबंच देत असायचे.

दादाची एक खोड होती. स्वतःच्या घरात शिरतानाही दारावर तीन टकटक करायचा. दार सताड उघडं असलं तरी. वहिनी आतून ओरडायची, "पाहुणे, चपला बाहेर काढा!"

तीन. कधी दोन नाही, कधी चार नाही.

पान दुसरं

मासिकाचं नाव होतं 'किलकिलं'. महिन्याला एक अंक, अंकात पाच चित्रकथा, प्रत्येक कथेला आठ पानं. पंधरा वर्षं चाललं ते.

संपादकांना आम्ही मागे 'कात्री' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. फोनवर स्वतःच सांगायचे, "कात्री बोलतोय. पानं झाली का?"

कात्रींचे नियम ठरलेले. भयंकर गोष्ट उजव्या पानाच्या शेवटी दाखवायची नाही. वाचकानं स्वतःच्या हातानं पान उलटावं आणि मग ती दिसावी. "आपण घाबरवायचं नाही हो. त्याला त्याच्याच बोटानं घाबरू द्यायचं." गोष्टीत ज्यानं वाईट केलं, त्याचं शेवटी वाईट झालंच पाहिजे. पोरं झोपली पाहिजेत ना, म्हणायचे. आणि सगळ्यात मोठा नियम कडीवाल्याचा.

कडीवाला म्हणजे आमचा गोष्ट सांगणारा. लांब कोटातला म्हातारा. चेहरा कायम अर्धा. उरलेला अर्धा दाराआड. प्रत्येक कथेच्या पहिल्या चौकटीत तो दार उघडायचा.

"आलात? या. दार उघडंच आहे."

आणि प्रत्येक कथेच्या शेवटच्या चौकटीत तो दार ओढून घ्यायचा.

"झालं. आता कडी लावतो."

मधल्या पानांत त्यानं यायचं नाही. गोष्टीत शिरायचं नाही. उघडायचं, लावायचं. बस. पंधरा वर्षांत नऊशे कथा झाल्या, आणि नऊशे वेळा कडी लागली.

एक सोडून.

मासिक बंद व्हायचं ठरलं, तेव्हा शेवटच्या अंकातली शेवटची कथा दादानं स्वतः लिहिली. नाव दिलं 'मधलं'. एक माणूस आपल्याच घरात बसलाय. आणि त्याच्या दिवसातलं मधलं-मधलं नाहीसं व्हायला लागतं. आत्ता तो खुर्चीत आहे. पुढच्या चौकटीत खिडकीशी. उठला कधी, चालला कधी, त्याला आठवत नाही. पान दोनवर हातात पाण्याचा पेला, अर्धा प्यायलेला. पान तीनवर एकाच पायात बूट. असं वाढत जातं. आठव्या पानावर खुर्ची रिकामी.

पैसे देऊन माणूस समोर बसवायची आमची सवय नव्हती. दादानं आरसा ठेवून स्वतःलाच काढलं. घर आमचंच काढलं. भिंतीवरचं घड्याळसुद्धा आमचंच, सव्वाचारला बंद पडलेलं. त्यामुळे कथेच्या प्रत्येक चौकटीत सव्वाचार.

"सेल घाला म्हणून महिनाभर ओरडतेय," वहिनी म्हणाली. "आता ते चित्रात पण बंद!"

कात्रींनी पानं चाळली आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"यानं केलंय काय पण?"

"कुणी?" दादानं विचारलं.

"या माणसानं. पाप काय याचं? खून? चोरी? बायकोला छळलं?"

"काही नाही केलं."

"मग त्याला शिक्षा का?"

"शिक्षा नाहीये ती. होतं, एवढंच."

कात्रींनी पानं खाली ठेवली. "हे बरोबर नाही, चित्रकार," म्हणाले. "पण शेवटचा अंक आहे. तुमच्या मनासारखं करा."

पानं छापायला जायच्या दिवशी दादा घरी नव्हता. वहिनी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासते, तिला घ्यायला गेला होता. कात्री धापा टाकत जिना चढून आले. हातात एक पट्टी.

'पंधरा वर्षे सोबत केलेल्या वाचकांचे मनःपूर्वक आभार.'

"राहूनच गेलं बघ! कुठेच जागा नाही. खाली छापखान्याचा माणूस उभा आहे. शेवटच्या पानावर, शेवटच्या चौकटीवर लाव."

"ती कडीची चौकट आहे, काका."

"अगं, वाचकांना पाठ आहे ती! मनातल्या मनात लावतील कडी. लाव पटकन."

दादाला विचारायला हवं होतं.

मी लावली. डिंकानं. आधी चार कोपरे, मग मध्ये. वरून हात फिरवला, सुरकुती राहू नये म्हणून.

पान तिसरं

छापलेला अंक बुधवारी घरी आला. दादानं तो शेवटाकडून उघडला. चित्रकार तसाच उघडतो.

हसला आधी. "कात्रीनं जाता जाता शेवटचा हात मारला वाटतं."

"मी चिकटवली," मी म्हटलं.

तो पानाकडे बघत राहिला.

"म्हणजे कडी लागलीच नाही," एवढंच बोलला.

संध्याकाळी आमचं दार उघडं दिसलं. मी लावून घेतलं, कडी घातली. स्वयंपाकघरातून परत आले तर...

दार उघडं. किलकिलं. बोटभर.

"तू लावली होतीस ना?" वहिनी म्हणाली.

"लावली होती."

"मग कडी सैल झाली असेल. उद्या सुतार बघू."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी आम्ही दोघं कामाला बसलो होतो. दादाची खुर्ची भारी बोलघेवडी. बसलं की कुरकुर, उठलं की कुरकुर, नुसतं वाकलं तरी तक्रार. मी टाक शाईत बुडवला. एक टिंब दिलं. मान वर केली...

दादा खिडकीशी उभा होता.

हातात पाण्याचा पेला. अर्धा प्यायलेला.

खुर्ची वाजली नव्हती.

"टिंबू," तो म्हणाला, "मी पाणी कधी घेतलं गं?"

वहिनीला रात्री जेवताना सांगितलं. ती हसली. "लग्नाचा वाढदिवस विसरणारा माणूस हा. पाणी प्यायलेलं काय डोंबल आठवणार?" तरी शुक्रवारी त्याला दुकानात नेऊन डोळे तपासले. दोन्ही डोळे ठणठणीत. परतताना जिन्यात ती एकदम थांबली.

दादाच्या एकाच पायात बूट होता.

दुकानातून निघताना दोन्ही होते. रस्ताभर तिनं त्याचा हात धरला होता. दुसरा बूट आम्ही तो सगळा रस्ता पालथा घालून शोधला.

त्या संध्याकाळी मी अंक उघडला. पान दोन. पेला.

पान तीन. बूट.

मी बोटांवर मोजलं. दिवसाला एक पान चाललं होतं. आणि पानं आठच होती.

पान चौथं

शनिवारी सकाळी मी कात्रींना फोन केला. मूळ पानं छापखान्यातून परत आली होती. ते स्वतः गठ्ठा घेऊन आले. मी सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

दादा चौथ्या पानावर होता. त्या पानावर माणसाची उजवी बाही कोपरापर्यंत भिजलेली दाखवली होती. दादा आमच्यासमोर बसला होता, कोरडा. आणि मग भिजलेला. बाहीतून फरशीवर पाणी टपकत होतं. घरातला एकही नळ चालू नव्हता.

"पट्टी काढ," कात्री म्हणाले. "पट्टी काढ आधी. खाली चौकट आहेच की. आपण ती एकत्र वाचू. मोठ्यानं वाचू. कडी लागली म्हणजे झालं."

मला ते पटलं. त्या घटकेला काहीही पटलं असतं.

किटलीच्या वाफेवर पान धरलं. डिंक सुटला. मी पट्टी हळूहळू सोलली. आधी दाराची चौकट दिसली. मग उघडं दार. मग फुगा, माझ्या हातचा. "झालं. आता कडी लावतो."

मग...

कडीवाला नव्हता.

खोडलेला नाही. पुसलेला नाही. तिथे कोरा कागद होता, कुंचला कधी टेकलाच नाही असा. आणि फुग्याची शेपटी, जी मी त्याच्या तोंडाकडे काढली होती, कुणाचीही शपथ घ्यायला सांगा, त्याच्याच तोंडाकडे काढली होती...

ती चौकटीच्या कडेला जाऊन थांबली होती.

आवाज बाहेरून आला.

कात्री उठले. कुणाचा निरोप न घेता गेले. चष्मा आमच्याच टेबलावर विसरले. तो न्यायलाही पुन्हा आले नाहीत, फोन केला तर म्हणायचे, "दुसरा केलाय मी."

आम्ही मात्र हटलो नाही. दादा म्हणाला, "मीच काढलाय ना त्याला? पुन्हा काढतो." साधी गोष्ट. एक चौकट. दार, कोट, अर्धा चेहरा, आणि कडी. कडी तर दादा डोळे मिटून काढायचा, तीन रेषांत. एक आडवी, एक वाकडी, एक छोटी.

रविवारी तो सकाळी बसला. मी शेजारी. त्यानं कुंचला शाईत बुडवला...

संध्याकाळ झाली होती. कागद कोरा. शाईची बाटली अर्ध्यावर आली होती. आणि दादा जिन्यात उभा होता, घराकडे तोंड करून, आत यावं की नाही असा. पान पाच.

सोमवारीही तेच. सोमवारी त्याचं बोलणं अधूनमधूनच ऐकू यायला लागलं.

"टिंबू, तू स्वतःला..." मग ओठ हलत होते, आवाज नव्हता. "...दोष नाही. चौकट तर माझीच होती."

मधलं काय म्हणाला, मला कधीच कळणार नाही.

पान पाचवं

मंगळवारी सातवं पान. त्या पानावर दाराच्या कडेला माणसाचा फक्त हात दिसतो. मी ते सांगणार नाही. आम्ही दोघींनी ते पाहिलं.

बुधवारी वहिनीनं रजा टाकली. सकाळपासून तिनं दादाचा डावा हात धरला होता. उजवा मी. जेवण आम्ही आळीपाळीनं भरवलं त्याला.

"काय तुम्ही! कैद्यासारखं धरलंय मला," तो म्हणाला.

"जन्मठेपच आहे," वहिनी म्हणाली. "लग्नाच्या वेळी वाचलं नव्हतंस का?"

हसलो. तिघंही हसलो.

चार वाजले. वहिनीच्या मनगटी घड्याळात बघत होतो. भिंतीवरच्या घड्याळात तर कायमच सव्वाचार. चार पाच. चार दहा. दादाचा तळवा घामेजला होता, गरम होता. बोटांवर वाळलेली शाई मला खरखरीत लागत होती. खाली ती स्कूटर. किक. किक. किक.

"पापणी लववू नकोस," वहिनी मला म्हणाली.

मी लववली नाही. हे मी जीव तोडून सांगते. मी पापणी लववली नाही...

मी वहिनीचा हात धरला होता.

मधे खुर्ची होती. रिकामी.

ती वाजली नव्हती. स्कूटर थांबली होती. दार उघडं होतं, या वेळी बोटभर नाही. सताड. माझ्या तळव्यात अजून ऊब होती, त्याची.

वहिनी ओरडली नाही. तिनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या. जणू आमच्यातल्या कुणीतरी त्याला लपवलं होतं.

पान सहावं

या पानावर काय होतं ते मला आठवत नाही. लिहिलं होतं, एवढं नक्की. शाई कमी झालेली दिसते आहे.

पान सातवं

पोलिसांत तक्रार दिली. शेवटचं कधी पाहिलं, साहेबांनी विचारलं. सव्वाचार, मी म्हटलं. कुठे जाताना पाहिलं? जाताना नाही पाहिलं. मग तुम्ही काय बघत होतात? त्यालाच.

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

दोन वर्षं गेली. मी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर अक्षरं काढते, वहिनी दुकानात जाते. आमच्या दाराला कडी लागत नाही. म्हणजे लागते, पण वहिनी लावू देत नाही. बाहेर पडताना दोघींपैकी एक घरात असतेच. शेजारच्या काकू म्हणाल्या, चोर येतील. वहिनी म्हणाली, "येऊ देत. निदान कुणीतरी येईल."

आणि मी चित्र काढायला शिकले. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. आधी कोट जमला. मग दार. मग अर्धा चेहरा. कडी मात्र मला तीन रेषांत कधी जमली नाही. मला चार लागतात.

का शिकले, तेच आता मला सांगता येत नाही. आधी वाटायचं, चौकट पुरी केली की सगळं मिटेल. मग एक दिवस लक्षात आलं. दादा आता दाराच्या त्या बाजूला आहे. कडी लावली, तर तो तिकडे राहतो.

नाही लावली, तर दार उघडंच आहे.

म्हणून चौकट मी जवळजवळ पुरी केली. कडीपुरती जागा सोडली. आणि मूळ पानासोबत खणात ठेवून दिली.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी वहिनी भाजी चिरत होती. मी मीठ घ्यायला वळले. परत वळले तर...

ती खिडकीशी होती. हातात पेला. अर्धा.

"मी पाणी कधी घेतलं गं?" ती म्हणाली.

आणि आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

शुक्रवारी तिची एक चप्पल. शनिवारी बाही. मी खणातून चौकट काढली, कुंचला काढला.

"ठेव ते," वहिनी म्हणाली.

"वहिनी, चार रेषा आहेत फक्त. तू वाचशील."

"आणि तो?"

मी कुंचला खाली ठेवला.

"टिंबू, नीट ऐक. तू ती कडी लावलीस, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. जन्मात. मला जायचंय तिकडे. तो एकटा आहे."

"आणि मी?"

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तू पहिल्यापासूनच फार रडकी," म्हणाली.

पान आठवं

बुधवारी वहिनीनं वेणी घातली. चांगली साडी नेसली. पर्स मांडीवर घेऊन दादाच्या खुर्चीत बसली, गाडी यायची वाट बघावी तशी. खुर्ची कुरकुरली.

मी समोर बसले. टेबलावर चौकट. शाईत बुडवलेला कुंचला हातात. कडीची जागा कोरी.

ठरवलं होतं, शेवटच्या क्षणी ठरवू.

लावायची. नाही लावायची. लावायची. दादाचा गरम तळवा आठवला की हात मागे यायचा. वहिनीची वेणी दिसली की पुढे जायचा. चार दहा. चार बारा. वहिनीनं डोळे मिटले. ती हसत होती थोडीशी. चार चौदा...

वहिनी खुर्चीतच होती.

"वाजले किती?" तिनं डोळे उघडले.

"साडेचार."

"नाही आला."

खुर्ची वाजली. वाजत राहिली. वहिनी हमसून हमसून रडत होती आणि ती मेली खुर्ची प्रत्येक हुंदक्याला कुरकुरत होती. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

मग मी खाली पाहिलं.

चौकटीत कडी लागली होती. शाई ओली.

कुंचला माझ्याच हातात होता. मधली पंधरा मिनिटं माझ्याजवळ नाहीत. पण मी ती कडी ओळखते. एक आडवी. एक वाकडी. एक छोटी.

तीन रेषा.

मी कागद पालथा घातला. वहिनीनं पाहिलं नाही. तिला वाटतं, जागा अजून कोरी आहे. तिला वाटतं, त्या दिवशी काही कारणानं जमलं नाही, पुन्हा येईल तो न्यायला.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात होती. मी कागद खणात ठेवायला उचलला...

टक. टक. टक.

दार उघडं होतं. दारात कुणी नव्हतं. आवाज दारावरून नव्हताच. माझ्या हातातल्या कागदावर आतून काहीतरी टेकत होतं. बोटांना कळत होतं.

तीन. दोन नाही, चार नाही.

त्यानंच कडी लावली असेल, तिला येऊ द्यायचं नाही म्हणून, तर मग तो का वाजवतोय? आणि त्यानं नसेल लावली, तर त्याच्यासारखी तीन रेषांत ती कुणी काढली? मी विचार करकरून थकले. कडीवर पांढरा रंग लावला. जाड, दोन हात. वाळायला दोन तास. सकाळी बघितलं, तर काळी शाई पांढऱ्यातून वर आली होती. पुन्हा लावला. पुन्हा वर आली. कडीचा भाग ब्लेडनं खरवडला, तर खालच्या कागदावर कडी होती. अजून खरवडला. तिथेही होती.

रोज सव्वाचारला. टक, टक, टक.

गेल्या आठवड्यापासून दोनच येतात.

काल एकच आला. जोर नव्हता त्यात. बसून वाजवल्यासारखा.

आज सव्वाचार होऊन गेलेत. मी कागदावर तळवा टेकवून बसले आहे. एका हातानं हे लिहिते आहे. कागद गार आहे.

वहिनी ठणठणीत आहे. पाणी प्यायचं तर खुर्ची वाजवून उठते. पेला पुरा पिते. आताच ती दुकानातून आली, चपला काढल्या, दोन्ही. आतल्या खोलीतून मला हाक मारली.

"टिंबू, दार उघडंच आहे ना गं?"

मी दाराकडे पाहिलं. सताड उघडं होतं.

"हो," मी म्हटलं.